उन्हात उमटलेला निळा ठसा धुताना का जातो? कापडावरील सायनोटाइपचे समस्या निवारण

कापडावर पाने मांडून उन्हात निळे ठसे घेणाऱ्यांची एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते, आणि सलग दोन उन्हाळे ती माझीही तक्रार होती. उन्हातून उचललेले कापड अगदी हवे तसे दिसते. पाने बाजूला केली की त्यांच्या जागी पिवळट हिरवा ठसा असतो, भोवतीचे कापड गडद होऊन त्यावर राखेसारखी झाक आलेली असते आणि नेच्याच्या पानाचा दात न् दात मोजता येतो. मग ते कापड बादलीत जाते. कधी पाण्यात निळे लोट उतरू लागतात, तर कधी पाणी फारसे निळे न होताच कापडावरचा रंग डोळ्यांदेखत विरत जातो. वाळल्यावर गडद निळाईऐवजी फिका, विटका, काही ठिकाणी पिवळसर पडलेला ठसा हाती उरतो. पानाचा आकार असतो, पण तो उठून दिसत नाही.

यावर बहुतेकांचा पहिला उपाय उन्हाशी निगडित असतो. कोणी वेळ वाढवतो, कोणी कमी करतो, कोणी गच्चीचा कोपरा बदलतो. ऊन डोळ्यांना दिसते आणि अंगाला लागते, त्यामुळे दोष त्याच्या माथी जाणे स्वाभाविक आहे. माझे मत मात्र असे झाले आहे की वारंवार होणाऱ्या या बिघाडाचे मूळ बहुतेक वेळा कापडात आणि धुण्याच्या पाण्यात असते, आणि उन्हाच्या वेळा बदलत राहिल्याने ते मूळ अधिकच झाकले जाते. म्हणून पुढचे विवेचन मुख्यतः या दोन गोष्टींविषयी आहे. उन्हाचा भाग त्या मानाने थोडक्यात आटोपला आहे.

आधी प्रक्रिया नेमकी कोणती ते स्पष्ट केलेले बरे. येथे फक्त सायनोटाइपचा, म्हणजे लोहाच्या क्षारांपासून तयार होणाऱ्या निळ्या रंगाचा विचार केला आहे. प्रचलित कृतीप्रमाणे १०० मिलिलिटर पाण्यात २५ ग्रॅम हिरवे अमोनियम फेरिक सायट्रेट आणि दुसऱ्या १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड विरघळवतात आणि वापरण्याच्या वेळी दोन्ही द्रावणे समप्रमाणात एकत्र करतात. या मिश्रणात भिजवून अंधारात वाळवलेले कापड उन्हात ठेवले की अतिनील किरणांमुळे फेरिक लोहाचे फेरस लोहात क्षपण होते, ते फेरिसायनाइडशी संयोग पावते आणि प्रशियन ब्लू हा निळा रंग तयार होतो. पानाखालच्या भागात ही क्रिया होत नाही. तेथील पिवळे क्षार पाण्यात विरघळणारे असल्याने ते धुऊन जातात आणि पांढरा ठसा राहतो.

प्रशियन ब्लू पाण्यात विरघळत नाही, ही या सर्व प्रकरणातली महत्त्वाची गोष्ट आहे. मग तो धुताना जातो कसा? याची तीन उत्तरे संभवतात. एक म्हणजे रंग तयार झाला, पण धाग्याच्या आत न होता वर खरवडीसारखा बसला आणि पाण्याने सुटून निघाला. दुसरे म्हणजे ऊन कमी मिळाल्याने तो पुरेसा तयारच झाला नाही. तिसरे म्हणजे तो नीट तयार झाला, नीट मुरला, पण अल्कधर्मी (म्हणजे आम्लाच्या उलट, सोड्याच्या गुणाच्या) पाण्याने किंवा कापडात राहून गेलेल्या सोड्याने त्याचे विघटन झाले आणि मागे लोहाचा पिवळसर तपकिरी हायड्रॉक्साइड उरला.

या तिघांची खूण बादलीतल्या पाण्यात सापडते, म्हणून पहिल्या धुण्याचे पाणी लगेच मोरीत ओतून टाकू नये. पांढऱ्या प्लास्टिकच्या टबात पहिले पाणी घ्यावे आणि दोन मिनिटांनी ते पाहावे. पाणी गढूळ निळे असेल आणि थोडा वेळ स्थिर ठेवल्यावर तळाशी निळा गाळ बसत असेल, तर रंग धाग्यावर वरवर बसला होता. पाणी स्वच्छ पिवळे किंवा पिवळट हिरवे असेल आणि कापड सगळीकडे सारखेच फिके असेल, तर ऊन कमी पडले. पाण्यात विशेष रंग नाही, कापड मात्र मिनिटामिनिटाला फिके होत आहे आणि निळ्या भागावर मळकट पिवळी छटा येत आहे, असे दिसले तर अल्काचा संशय घ्यावा. सगळेच काही चित्र इतके स्वच्छ नसते. माझ्याकडे पहिले आणि तिसरे कारण एकाच कापडात होते, आणि म्हणूनच उलगडा व्हायला इतका काळ लागला.

पाणी

पुण्यात आमच्या सोसायटीला हिवाळ्यात महापालिकेचे पाणी पुरते आणि मार्चपासून टँकर मागवावे लागतात. डिसेंबर आणि जानेवारीत घेतलेले माझे ठसे गडद यायचे. मार्च उजाडला की तेच कापड, तेच मिश्रण आणि तीच पाने घेऊनही ठसे फिके पडायचे. मी त्याचा अर्थ असा लावला की उन्हाळ्यातले ऊन प्रखर असल्यामुळे कापडाला गरजेपेक्षा जास्त ऊन मिळते, आणि वेळ वीस मिनिटांवरून आठ मिनिटांवर आणला. ठसे आणखी फिके झाले. पहिला उन्हाळा असाच गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात मी उलट दिशेने जाऊन पाहिले, अर्धा तास आणि नंतर पाऊण तास. रंग किंचित सुधारला, पण पानांच्या कडा बिघडल्या.

उलगडा एका पट्टीने केला. मांजरपाटाची साधारण चार बोटे रुंद आणि वीतभर लांब पट्टी घेऊन तिच्यावर गुलमोहराचे एकच संयुक्त पान ठेवून ठसा घेतला आणि उन्हातून आणल्यावर ती पट्टी पानाच्या मधोमध कापली. अर्धी पट्टी टँकरच्या पाण्याच्या काचेच्या वाडग्यात टाकली. उरलेली अर्धी शुद्धीकरण यंत्राच्या पाण्यात टाकली, ज्यात सायट्रिक अ‍ॅसिडचे चिमूटभर खडे विरघळवले होते. पहिल्या दोन मिनिटांत दोन्ही वाडग्यांतले पाणी सारखेच पिवळे झाले. पाचव्या मिनिटाला टँकरच्या पाण्यातली पट्टी धुरकट दिसू लागली आणि गुलमोहराच्या बारीक पर्णिकांमधली निळी जागा आधी फिकी पडली, कारण तेथे रंगाची मात्रा मुळातच कमी होती. दहा मिनिटांनी दोन्ही पट्ट्या एका पांढऱ्या ताटलीत शेजारी शेजारी ठेवल्या, तेव्हा त्या एकाच पानाच्या आहेत हे फक्त कापलेल्या देठावरून ओळखता येत होते. ऊन दोघींनी तेच घेतले होते, कापड तेच होते आणि मिश्रणही तेच होते. फरक होता तो पाण्याचा.

टँकरने येणारे विंधन विहिरींचे पाणी आपल्या बसाल्टच्या मुलखात बऱ्याच ठिकाणी जड असते. त्यातल्या बायकार्बोनेटमुळे ते थोडे अल्कधर्मी असते, आणि नळाच्या तोंडाला लागून असलेली पांढरी खरवड ज्यांच्या घरी दिसते त्यांनी हे गृहीतच धरावे. प्रशियन ब्लू आम्लधर्मी पाण्यात टिकतो, उदासीन पाण्यातही बराच टिकतो, पण पाण्याचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्काचे माप) जसजसा वर सरकतो तसतसा तो ढासळत जातो. एखाद्या वेळी नुसते बुचकळून काढले तर फारसे बिघडत नाही. कापड तासभर किंवा रात्रभर त्याच पाण्यात भिजत ठेवले की मात्र नुकसान होते. ‘चांगले धुऊन निघावे’ म्हणून आपण तेच करतो.

उपाय सोपा आहे. किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळणारे सायट्रिक अ‍ॅसिड दहा लिटर पाण्याला एक सपाट चहाचा चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम, या प्रमाणात पहिल्या दोन पाण्यांत विरघळवावे. पाणी फारच जड असेल तर दोन चमचे घ्यावेत. पांढरे व्हिनेगरही चालते. पहिल्या पाण्यात कापड चार-पाच मिनिटे हलके हलवत राहावे, दुसऱ्यातही तितकाच वेळ ठेवावे आणि नंतर साध्या पाण्यातून फक्त खंगाळून घ्यावे. पावसाळ्यात गच्चीवर धरलेले पावसाचे पाणी यासाठी उत्तम असते. एकूण धुणे पंधरा-वीस मिनिटांत संपले पाहिजे. पिळताना पाण्यात पिवळेपणा उरला नाही, की ते संपले असे समजावे.

आम्लाविषयी येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. पोटॅशियम फेरिसायनाइड हे सायनाइडसारखे जहाल विष नव्हे आणि सौम्य सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्याने त्याला काही होत नाही. परंतु तीव्र आम्ल आणि उष्णता यांच्या संयोगाने त्यातून हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू सुटू शकतो. म्हणून संडास साफ करण्याचे अ‍ॅसिड किंवा कोणतेही तीव्र आम्ल या कामाच्या जवळपास आणू नये, द्रावण उकळू नये, हातमोजे घालावेत आणि या कामाची भांडी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नयेत.

कापड

पाणी सुधारल्यावर माझे अर्ध्याहून अधिक ठसे सुधारले, पण सगळे नाहीत. मलमलीवर रंग टिकत होता, तर मांजरपाटावर कधी टिकायचा आणि कधी नाही, आणि एकाच मीटरभर तुकड्याच्या दोन टोकांवर वेगवेगळा परिणाम यायचा. तो दोष माझ्या तयारीत होता.

जॉन हर्शेल यांनी ही प्रक्रिया १८४२ मध्ये शोधली आणि अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी १८४३ पासून तिने शैवालांचे ठसे घेतले, ते सर्व कागदावर. आज आपल्यापर्यंत पोहोचलेल्या बहुतेक सूचनाही कागदासाठीच लिहिलेल्या असतात, आणि त्यांत आधार असलेल्या पदार्थाच्या तयारीविषयी फारसे काही नसते. कापडाचे तसे नाही. गिरणीतून बाहेर पडेपर्यंत सुती कापड खळ, कॉस्टिक सोडा, ब्लीच आणि वर चढवलेले मऊपणाचे लेप अशा अनेक गोष्टींतून गेलेले असते. त्यातले काही ना काही धाग्यात शिल्लक राहते, आणि ते सर्व मिश्रणाच्या वाटेत येते.

खळ काढण्यासाठी कापड धुण्याच्या सोड्यात उकळावे हा सल्ला बरोबर आहे, आणि मी तो पाळत असे. मीटरभर कापडाला दोन चमचे सोडा घालून तासभर मंद आचेवर उकळले की मांजरपाटातून चहासारखे पिवळे पाणी निघते. चूक त्यानंतर होत असे. दोन पाण्यांतून काढले, पिळले आणि वाळत घातले, की झाले असे मी समजत असे. जाड मांजरपाटाच्या काठाशी, शिवणीत आणि घडीत सोडा तसाच राहायचा आणि पुढे नेमक्या त्याच जागी ठसा पिवळा पडायचा. म्हणजे ठसा टिकावा म्हणून ज्या पदार्थाने कापड स्वच्छ केले, तोच पदार्थ ठसा खात होता.

राहिलेला सोडा ओळखायला आपल्या घरात एक चांगले साधन आहे. हळदीच्या डागावर साबण लागला की तो लाल होतो, हे ज्याने जेवणानंतर कधी कपडे धुतले आहेत त्याला माहीत असते. तोच गुण येथे वापरावा. चिमूटभर हळद थोड्या पाण्यात कालवून कापडाच्या कोपऱ्यावर, काठाशी आणि मध्यभागी प्रत्येकी एक थेंब कापड ओले असतानाच टाकावा. थेंब पिवळाच राहिला तर कापड पुढच्या कामास योग्य आहे. तो तांबूस किंवा लाल झाला, तर आणखी धुवावे. शेवटच्या पाण्यात अर्धा चमचा सायट्रिक अ‍ॅसिड घालून ते पुन्हा साध्या पाण्याने काढले की कसर राहत नाही. हळदीचा डाग कोपऱ्यावर राहतो, म्हणून ही तपासणी अशा कडेला करावी जी नंतर कापून टाकता येईल. हळद फक्त ठळक अल्क दाखवते. टँकरच्या पाण्याइतका सौम्य अल्क तिने ओळखता येईलच असे नाही, त्यासाठी वर सांगितलेली कापलेली पट्टीच उपयोगी पडते.

दुसरी तपासणी खळीची. औषधाच्या दुकानात मिळणारे जखमेवरचे तपकिरी आयोडीन पाण्यात पातळ करून एक थेंब कापडावर टाकावा. तो निळा-काळा झाला तर पिठाची खळ अजून शिल्लक आहे. साध्या पाण्याचा थेंब टाकला असता तो मोत्यासारखा वर राहिला, तर मेणाचा किंवा मऊपणाचा लेप आहे असे समजावे, आणि तो ताबडतोब पसरून शोषला गेला तर कापड तयार आहे. खळ राहिलेल्या कापडावर निळा रंग खळीत तयार होतो, धाग्यात नाही. पहिल्या पाण्यात खळ सुटते आणि तिच्याबरोबर तिच्यातला सगळा रंग जातो. बादलीत दिसणाऱ्या गढूळ निळ्या पाण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

सुती म्हणून घेतलेले कापड सुती आहे की नाही, याचीही खात्री करावी. मिश्र धाग्याच्या ओढण्या हल्ली सर्रास सुती म्हणून विकल्या जातात, आणि पॉलिएस्टर हे मिश्रण आत घेत नाही. कडेचे चार धागे काढून चिमट्यात धरून जाळावेत. सूत कागदासारखे जळते आणि भुरभुरीत राख उरते, तर पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक काळा मणी होतो. मणी झाला तर पुढचे कष्ट वाचवावेत.

रंग वरवर बसण्याचे आणखी एक कारण माझ्या हौसेत होते. गडद यावे म्हणून मी ब्रशने दोन-तीन हात देत असे. कापडाच्या बाबतीत याचा परिणाम उलटा होतो. वरचा जाड थर अतिनील किरण स्वतःच शोषून घेतो, खालचा धागा कोराच राहतो आणि तो थर पाण्यात सुटून येतो. आता मी कापड मिश्रणात पूर्ण बुडवतो, मिनिटभर दाबून ठेवतो आणि मग हातमोज्यांनी घट्ट पिळतो, इतके की लटकवल्यावर एकही थेंब गळू नये. मीटरभर मलमलीला या पद्धतीने साधारण १०० मिलिलिटर मिश्रण लागते. पिळून निघालेले मिश्रण वाया गेले असे वाटते, पण पूर्वी तेच मिश्रण बादलीतून वाहून जात होते.

वाळवणे अंधारात आणि पंख्याच्या वाऱ्यावर व्हावे. इस्त्री किंवा हेअर ड्रायरचा गरम वारा लावला की मिश्रण उन्हाविनाच थोडे निळसर होते. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, कापड रात्रभर वाळत नाही आणि तेवढ्या काळात त्याचा पिवळा रंग हिरव्याकडे झुकतो. असे कापड वापरले तर पांढरे भाग कधीच पांढरे येत नाहीत. तयार कापड वाळल्यावर शक्यतो त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी वापरावे. अमोनियम फेरिक सायट्रेटच्या द्रावणावर बुरशी धरते. ती गाळून द्रावण चालवता येते, तरी पावसाळ्यात थोडेच बनवणे शहाणपणाचे.

ऊन

उन्हाचा दोष असतोच, फक्त तो आपण समजतो त्यापेक्षा कमी वेळा असतो. माझ्या गच्चीवर फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये सकाळी अकरा ते दुपारी दोन या वेळात कापडाला १५ ते २० मिनिटे पुरतात. ढगाळ दिवशी तासाहून अधिक वेळ लागतो. परंतु घड्याळापेक्षा रंगावर विसंबावे. उघडे कापड पिवळट हिरव्यावरून हिरवट निळे, मग गडद निळे होते, आणि त्याही पुढे जाऊन त्यावर राखाडी, किंचित काशासारखी झाक येते. ही शेवटची झाक येईपर्यंत थांबावे. गडद निळे दिसताच उचलण्याचा मोह होतो, आणि कागदावर ते एक वेळ चालूनही जाते. कापडाला मात्र जास्त वेळ द्यावा लागतो, कारण धागे गोल असतात आणि मिश्रण त्यांच्या आतपर्यंत गेलेले असते.

या राखाडी झाकेमुळेच एक गैरसमज होतो. उन्हात भरपूर राहिलेल्या भागात प्रशियन ब्लूचा काही अंश क्षपण होऊन रंगहीन झालेला असतो. धुतल्यावर लगेच पाहिले तर तो भाग फिका वाटतो आणि आपण निराश होऊन तेच कापड पुन्हा रंगवायला घेतो. हवेतल्या ऑक्सिजनने तो अंश परत निळा होतो, त्यासाठी साधारण एक दिवस जाऊ द्यावा. घाई असेल तर शेवटच्या पाण्यात ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड झाकणभर घालावे. औषधाच्या दुकानातली बाटली बहुधा त्याहून तीव्र असते, म्हणून तिच्यावरचे प्रमाण वाचून ते पातळ करावे. रंग क्षणात गडद होतो. मात्र पेरॉक्साइडने गेलेला रंग परत येत नाही, उशिरा येणारा रंग फक्त लवकर येतो. अल्काने खाल्लेल्या ठशावर बाटली रिकामी केली तरी उपयोग होत नाही.

दीर्घकाळ ऊन देऊन माझ्या पानांच्या कडा का बिघडल्या, याचे उत्तर आकाशात होते. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे वीस मिनिटांत ५ अंश. पान कापडापासून एक सेंटिमीटर उचललेले असेल, तर तेवढ्या वेळात त्याची सावली जवळजवळ एक मिलिमीटर सरकते, आणि पाऊण तासात त्याच्या दुपटीहून अधिक. शिवाय अतिनील किरण थेट सूर्याकडूनच येतात असे नाही, त्यांचा मोठा वाटा सबंध आकाशातून पसरून येतो आणि उचललेल्या पानाखाली बाजूने शिरतो. म्हणून कडा हव्या असतील तर पान कापडाला चिकटून असले पाहिजे. पाने आदल्या दिवशी जुन्या वर्तमानपत्रांत जड वस्तूखाली दाबून ठेवावीत आणि वर ३-४ मिलिमीटर जाडीची साधी काच ठेवून तिला चिमटे लावावेत. ताजे पान काचेखाली घाम सोडते. काचेवर आतून धुके धरते, पानाभोवतीचे मिश्रण ओले होऊन पसरते आणि कडेला निळसर कड येते. शेवगा, आवळा, चिंच, नेचे यांची पाने पातळ असल्याने चांगली बसतात. वडाचे पान कितीही दाबले तरी देठाशी उचललेलेच राहते.

कोवळी सागाची पाने चोळली की हात लाल होतात, तसाच त्यांचा रस कापडालाही लागतो, आणि जांभळासारख्या टॅनिनयुक्त पानांचा रस लोहाशी मिळून काळे ठिपके पाडतो. असे ठिपके कोणाला आवडतातही, आणि मलाही कधी कधी आवडतात. पण ते धुण्याचा दोष नव्हेत, त्यामुळे त्यांच्यासाठी पाणी बदलून उपयोग नाही.

नंतरची धुणी

पहिल्या धुण्यात टिकलेला ठसा सहा महिन्यांनी एका धुलाईत गेला, असेही घडते. कारण बहुधा कपडे धुण्याची पावडर असते, कारण तिच्यात धुण्याचा सोडा असतोच. ब्लीच तर अजिबात नको. मी असे कपडे रिठ्याच्या पाण्यात धुतो. रिठ्याचे पाणी स्वभावतःच किंचित आम्लधर्मी असते आणि त्याने मळ निघूनही निळा रंग जसाच्या तसा राहतो. चार-पाच रिठे रात्री कोमट पाण्यात भिजत घालून सकाळी कुस्करून गाळावेत.

येथे दोन प्रकारचा फिकेपणा वेगळा ओळखता आला पाहिजे. सतत उन्हात राहून फिका झालेला ठसा एक-दोन दिवस बंद कपाटात, पण हवा लागेल असा ठेवला की बराचसा परत येतो. त्यामुळे खिडकीच्या पडद्यासाठी हे कापड योग्य नाही, पण उशीच्या अभ्र्याला काही अडचण नाही. अल्काने गेलेला ठसा मात्र अंधारात ठेवून परत येत नाही, आणि त्याची पिवळी छटा हीच त्याची ओळख आहे.

असा पिवळा पडलेला ठसा टाकून देण्याची गरज नसते. भाचीसाठी केलेली मलमलीची ओढणी तिच्या घरी पावडरमध्ये धुतली गेली आणि निळ्या पार्श्वभूमीचा रंग जुन्या वर्तमानपत्रासारखा झाला. तिने ती परत आणून दिली तेव्हा ती फार खजील झाली होती. निळा रंग गेला असला तरी लोह धाग्यातच होते. मूठभर हिरडे कुटून अर्धा तास उकळले, काढा गाळून थंड केला आणि ओढणी त्यात बुडवली. लोह आणि हिरड्यातले टॅनिन एकत्र आले की काळा रंग होतो. ओढणी पहिल्या दोन मिनिटांत करडी झाली आणि पंधराव्या मिनिटाला कोळशासारखी गडद, जांभळट झाक असलेली काळी. पानांच्या जागी लोह नव्हते, त्यामुळे तेथे हिरड्याचा फिका पिवळा रंग आला आणि नेच्याची प्रत्येक पर्णिका पुन्हा वेगळी दिसू लागली. ती ओढणी तेव्हापासून रिठ्यात धुतली जाते, आणि तिचा काळा रंग अजून तसाच आहे.